वखारीमागची देवयानी

१९६३ सालच्या आमच्या मंडळाच्या प्रदर्शनाचा छापील अहवाल अजून माझ्याकडे आहे. त्यात छायाचित्र विभागाखाली एक ओळ आहे : ‘श्रीमती यमुना शांताराम पागधरे, डहाणू. आकाशाचे चित्र. कुशल रिटचिंग. स्पर्धेस अपात्र.’ खाली तीन परीक्षकांची नावं आहेत. तिसरं नाव माझं, सावे मास्तर. ती ओळ खोटी आहे. ती कशी लिहिली गेली आणि यमुनाबाईंनी पुढे काय केलं, हे कुणीतरी नीट सांगायला हवं. माहीत असलेला आता मीच उरलो आहे.

यमुनाबाई मूळच्या डहाणूजवळच्या आगर गावच्या. वडिलांची होडी होती, आणि घरातली फाटकी जाळी दुरुस्त करायचं काम लहानपणापासून त्यांच्याकडे. सातवीपर्यंत शिकल्या आणि शांताराम पागधरे यांच्याशी लग्न होऊन डहाणूला आल्या. शांताराम रेल्वेत सांधे बदलणारे पॉइंट्समन. लग्नानंतर दोघं स्टेशनजवळच्या कीकुभाईंच्या स्टुडिओत फोटो काढायला गेले. आठवड्याने फोटो हातात आला तेव्हा यमुनाबाईंनी तो उजेडात धरला आणि विचारलं, “माझ्या हनुवटीवरचा व्रण कुठे गेला?”

लहानपणी मासे पकडायचा गळ लागून झालेला तो व्रण होता. कीकुभाई हसले. म्हणाले, “बेन, लोक तर सांगून काढून घेतात. मी तुमचा न सांगता काढला.”

“कसा काढला ते दाखवा.”

कीकुभाईंनी निगेटिव्ह, भिंग आणि टोक काढलेली पेन्सिल दाखवली. यमुनाबाईंनी बघून घेतलं. मग म्हणाल्या, “आता व्रण असलेला फोटो द्या.” कीकुभाईंना तो फोटो पुन्हा छापून द्यावा लागला.

चार-पाच वर्षांनी कीकुभाईंचा हात कापायला लागला. पेन्सिल धरता येईना. तेव्हा त्यांना ही बाई आठवली आणि ते स्वतः शांतारामच्या घरी विचारायला गेले. १९५६च्या सुमारास यमुनाबाई स्टुडिओतल्या खिडकीपाशी, तिरक्या काचेच्या मेजावर बसू लागल्या. जाळ्याची गाठ मारणारी बोटं ती. तोंडावरचे देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सुरकुत्या, सगळं त्या असं पुसायच्या की पेन्सिल कुठे लागली ते भिंगातूनही कळू नये. कुणाचा बाप वारला असेल आणि घरच्यांच्या फोटोत तो हवा असेल, तर बापाचा जुना फोटो वेगळ्या निगेटिव्हवरून त्याच कागदावर छापून त्याला मुलांच्या मागे उभा करायच्या. तलासरीपासून बोर्डीपर्यंतच्या घरांतून त्यांच्या हातचे असे बाप भिंतीवर लागले होते. त्यांच्या या हातानेच पुढे घात केला.

१९६० साली, दिवाळीच्या आधी, मी स्टुडिओत एक इंग्रजी पुस्तक घेऊन गेलो. शाळेत मी विज्ञान शिकवायचो. पुस्तकात देवयानी दीर्घिकेचा पानभर फोटो होता आणि मला त्याची काचेवरची स्लाइड हवी होती, मुलांना पडद्यावर दाखवायला. दोन दिवसांनी गेलो तर यमुनाबाई निगेटिव्ह समोर घेऊन बसल्या होत्या. पेन्सिल हातात, पण काम थांबलेलं.

“मास्तर, यातले कुठले ठिपके काढायचे आणि कुठले ठेवायचे?”

“एकही काढायचा नाही. सगळे तारे आहेत.”

“आणि हा मधला लांबट डाग?”

मी सांगितलं की तो डाग नव्हे. आपली आकाशगंगा आहे तशी ती दुसरी, फार लांबची, अगणित ताऱ्यांची. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं.

“ही कुठून दिसते?”

“हा फोटो अमेरिकेतल्या डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीतून काढलाय.”

“ते असू दे. आकाश तर तेच ना? आमच्या अंगणातून कुठे बघायचं?”

मी कागदावर आकृती काढून दिली. भाद्रपदांचा मोठा चौकोन, त्याच्या कोपऱ्यातून निघालेली ताऱ्यांची रांग, दुसऱ्या ताऱ्यापाशी वर वळायचं. कार्तिकात संध्याकाळी आठ-साडेआठला ती जवळजवळ डोक्यावर असते. काळोख असेल तर नुसत्या डोळ्यांना पुसट ढगासारखी दिसते. आणि मग मास्तरकीच्या सवयीने पुढे बोललो, “पण तुमच्या अंगणातून फोटो नाही व्हायचा. वखारीचे दिवे आहेत.”

“कुठे दिसते ते विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “व्हायचं की नाही ते नव्हतं विचारलं.”

वखार म्हणजे नगीनशेठची गवताची वखार. पावसाळा संपला की आतल्या रानांतून कापलेलं गवत बैलगाड्यांनी डहाणूला यायचं, दाबून गाठी बांधल्या जायच्या आणि मालगाडीने मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना व्हायच्या. गाठींचे ढीग घराएवढे उंच. तिथे कंदिलाला बंदी, एक ठिणगी पुरे. म्हणून वीज आल्या आल्या नगीनशेठने चारी कोपऱ्यांना खांब रोवले आणि भोपळ्याएवढे दिवे लावले. ते दिवेलागणीला पेटायचे ते पहाटेपर्यंत. पागधऱ्यांचं भाड्याचं घर डहाणूच्या मल्याण भागात, वखारीच्या मागच्या कुंपणाला लागून. त्यांच्या अंगणात रात्री सुई पडली तरी सापडली असती.

यमुनाबाईंनी पहिल्यांदा सरळ मार्गाने जाऊन पाहिलं. नगीनशेठला म्हणाल्या, मागच्या दोन दिव्यांना आमच्या बाजूने पत्रा लावा. शेठ तसे वाईट माणूस नव्हते. पण म्हणाले, “उजेड कमी केला आणि कुणी विडी ओढत आत शिरला तर? तुमच्या घराचीही गवतासंगं राख होईल. आणि बाई, रात्री अंगणात उभं राहून तुम्हाला करायचं काय?”

“फोटो काढायचाय.”

“कुणाचा?”

“तुमच्या ओळखीचा नाही,” यमुनाबाई म्हणाल्या आणि घरी आल्या.

कीकुभाईंकडे अडगळीत एक जुना लाकडी कॅमेरा होता, त्याला जाड पितळी भिंग. एके काळी त्याने मोठमोठ्या लोकांचे चेहरे टिपले होते, आता रोल फिल्म आल्यापासून पडून होता. यमुनाबाईंनी तो मागून घेतला. पण तारे सरकतात. दहा मिनिटं कॅमेरा उघडा ठेवला की प्रत्येक ताऱ्याची रेघ होते. त्यासाठी त्यांनी दोन फळ्या एका बाजूला बिजागरीने जोडल्या आणि ती बिजागरी ध्रुवाकडे रोखली. डहाणूत ध्रुव वीस अंशांवर, फार खाली, त्यामुळे सगळा सांगाडा आडवा पडल्यासारखा दिसे. वरच्या फळीवर कॅमेरा, आणि खालून एक लांब स्क्रू फिरवला की फळी मुंगीच्या पावलाने उचलली जायची, तारा सरकतो तेवढीच. कॅमेऱ्याशेजारी शांतारामने मुंबईहून आणलेली जुनी बोटीवरची दुर्बीण बांधली होती. तिच्यात कोळिष्टकाचे दोन तंतू आडवे-उभे लावले होते. एक तारा त्या फुलीवर धरून ठेवायचा आणि स्क्रू फिरवत राहायचं.

शांताराम बोलायचे कमी. पहिल्या रात्री ड्युटीवर निघताना त्यांनी त्या सांगाड्याकडे पाहिलं.

“शेजारी विचारतायत, काय सांगू?”

“अहो, सांगा बायको तारे राखते.”

“बरं,” म्हणून ते गेले. आणि खरंच तसं सांगत राहिले.

पहिला हिवाळा सगळा वाया गेला. नवी, जलद फिल्म घातली तर पाच मिनिटांत दिव्यांच्या उजेडाने निगेटिव्ह कोळसा. कमी वेळ ठेवली तर दोन-चार तारे, बाकी काही नाही. मी विचारायचो, काय झालं? त्या म्हणायच्या, “काळं झालं.” एवढंच.

मग एक दिवस स्टुडिओत कीकुभाई जुन्या प्लेटांची खोकी टाकून द्यायला काढत होते. यमुनाबाईंनी विचारलं, या कसल्या?

“आ प्लेट आंधळ्या, बेन. निळं तेवढं दिसतं त्यांना. पिवळं कमी, लाल तर बिलकुल नाही. म्हणून जुन्या फोटोत ओठ काळे येतात. आता कोण वापरणार?”

यमुनाबाईंनी खोकं त्यांच्या हातातून काढून घेतलं. “वखारीचे दिवे पिवळेच आहेत,” त्या म्हणाल्या.

जी प्लेट पिवळा उजेड जेमतेम बघते तिला वखारीचा उजेडही जेमतेम दिसणार. हे मला, विज्ञानाच्या मास्तरला, सुचलं नव्हतं. चेहऱ्यांवर पेन्सिल फिरवणाऱ्या बाईला सुचलं. तरी उजेड थेट भिंगात शिरत होता. त्यासाठी त्यांनी कुंपणाच्या आतून बांबू रोवले आणि गोणपाटं शिवून बारा-पंधरा फूट उंच पडदे उभे केले. नगीनशेठचा माणूस आला, म्हणाला, गवताशेजारी सुकं गोणपाट चालणार नाही, आग लागेल. यमुनाबाई म्हणाल्या, सुकं राहणार नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या विहिरीचं पाणी शेंदून पडदे ओले करायच्या. वीस-पंचवीस बादल्या. दिवसभर मेजावर बसून आल्यावर. शेठ एकदा स्वतः येऊन हात लावून बघून गेले, आणि पुन्हा कधी बोलले नाहीत.

एवढं करूनही एका प्लेटवर दीर्घिका म्हणजे संशय होता नुसता. सहा मिनिटांच्या वर उघडी ठेवली की करड्या पाण्यात बुडून जायची. इथे त्यांना ते फोटोतले बाप उपयोगी पडले. दोन निगेटिव्हवरून एका कागदावर छापता येतं, तर सातांवरून का नाही? सात संध्याकाळी सात प्लेटा काढायच्या. मग फोटो मोठा करून छापायच्या एन्लार्जरमध्ये एकेक प्लेट लावायची, तारे कागदावरच्या पेन्सिलीच्या खुणांवर बरोबर बसवायचे, आणि कागदाला जेवढा उजेड द्यायचा त्याचा सातवा हिस्सा प्रत्येकीचा. प्लेटवरचे कण, धूळ, ओरखडे दर वेळी वेगळ्या जागी असतात, ते एकमेकांत विरून जातात. जे आकाशात खरंच आहे ते दर वेळी त्याच जागी येतं आणि ठळक होत जातं.

१९६२च्या मार्गशीर्षात त्यांच्या डेव्हलपरच्या बशीत तो कागद उमटला. तांदळाच्या दाण्यासारखा लांबट, कडा विरलेल्या, मधे उजळ. त्यांनी मला दाखवला नाही. जानेवारीत आमच्या मंडळाचं विज्ञान आणि कलेचं प्रदर्शन होतं, तिथे सरळ नाव घालून दिला.

आम्ही तिघे परीक्षक. एक निवृत्त अधिकारी, एक मुंबईचे स्टुडिओवाले, आणि मी. मुंबईच्या गृहस्थांनी फोटो भिंगाखाली धरला. पाठीमागची चिठ्ठी वाचली, ‘सात निगेटिव्हवरून’. मग विचारलं, “या बाई करतात काय?”

“कीकुभाईंच्या स्टुडिओत रिटचिंग,” मी म्हणालो.

ते हसले. “मग प्रश्नच मिटला. ज्या बाईला देवीचे व्रण घालवता येतात तिला एक डाग घालता येणार नाही? आणि सात निगेटिव्हवरून एक फोटो, हा फोटो की कोलाज?”

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या अंगणातले ओले पडदे पाहिले होते. तो बिजागरीचा सांगाडा पाहिला होता. बोलायला दोन वाक्यं पुरली असती. पण मीच त्यांना सांगितलं होतं की हे व्हायचं नाही. फोटो खरा असेल तर मी चूक होतो, आणि मुंबईच्या माणसासमोर चूक ठरायला माझी तयारी नव्हती. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडवात होतो. यमुनाबाई आल्या, फोटोखालची चिठ्ठी वाचली, फोटो खिळ्यावरून काढला आणि पदराने काच पुसली. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मास्तर, तुमची सही आहे.”

“तिघांचं मत झालं तसं.”

“तिघांनी अंगण बघितलं नाही. तुम्ही बघितलंय.” आवाज चढलेला नव्हता. “मला बक्षीस नको. मी माझ्या हाताने लोकांचे व्रण घालवते, ते घालवते असं सांगून घालवते. यात हात लावलेला नाही असं मी लिहून दिलं होतं. तुम्ही मला खोटारडी म्हटलंत. आता तुम्ही या. प्लेट तुमची, तिच्यावर सही तुमची. तुम्हीच कॅमेऱ्यात घाला, तुम्हीच फिरवा, तुम्हीच धुवा. मी हात मागे बांधून उभी राहते.”

मांडवातली माणसं ऐकत होती. मी म्हणालो, येतो.

मग मी घरी जाऊन विचार केला, आणि माझ्या मते त्यांना मदत होईल असा तोडगा काढून संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. माझे मेव्हणे तेव्हा तलासरीला कचेरीत होते. त्यांच्या घरामागे मिट्ट काळोख. तिथे कॅमेरा न्यावा, एकाच प्लेटवर अर्धा तास द्यावा, सातांची भानगडच नको. नाहीतर पुढच्या कार्तिकापर्यंत थांबावं, कारण आता जानेवारीत देवयानी संध्याकाळी पश्चिमेला कललेली, नेमकी वखारीच्या बाजूला.

यमुनाबाई पडद्यांवर पाणी मारत होत्या. बादली खाली ठेवली.

“तलासरीला काढलेला फोटो तलासरीचा. मी म्हटलंय, माझ्या अंगणातून काढला. तर तो इथूनच निघेल.”

“पण आता ती वखारीवर आहे. कार्तिकात...”

“कार्तिकापर्यंत दहा महिने मी खोटारडी राहू?”

मी तलासरीचा नाद सोडला. संक्रांतीनंतर चंद्र उशिरा उगवू लागला तसं आम्ही सुरू केलं. कीकुभाईंच्या डार्करूममध्ये लाल दिव्यात मी एकेक प्लेट घ्यायचो आणि सुईने तिच्या कोपऱ्यात माझी सही आणि तारीख ओरखडायचो. त्या प्लेटांना लाल दिसत नाही म्हणून हे जमायचं. प्लेटा माझ्याच पिशवीत. साडेसात वाजता अंगणात कॅमेऱ्यात घालायचो मी. यमुनाबाई तीन हातांवर, खरंच हात मागे धरून उभ्या.

पहिल्या दिवशी स्क्रू फिरवता फिरवता मला शिंक आली आणि तारा फुलीवरून गेला. तारे सगळे शेपटीवाले आले. दुसऱ्या दिवशी मान अवघडली म्हणून क्षणभर डोळा काढला, परत लावला तर तारा कुठला ते कळेना. दुर्बिणीला डोळा लावून, वाकून, श्वास आवरून सहा मिनिटं स्क्रू मुंगीच्या चालीने फिरवणं काय असतं हे मला त्या दोन दिवसांत समजलं. यमुनाबाई तिथे उभ्या राहून सगळं बघत होत्या. एकदाही पुढे आल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “तारा पळतो म्हणून घाई करू नका. तो पळत नाही. तुम्ही पळताय.”

तिसऱ्या दिवसापासून जमायला लागलं. वखारीच्या अंगाला असल्यामुळे प्लेटा लवकर करड्या होत होत्या, म्हणून वेळ चार मिनिटांवर आणला आणि प्लेटा वाढवल्या. एका संध्याकाळी दोन, कधी तीन. जानेवारी संपेपर्यंत अकरा चांगल्या प्लेटा जमल्या. एकेकीवर पाहिलं तर काय होतं? मी डोळे ताणून पाहायचो आणि मला वाटायचं तेवढंच असायचं.

रविवारी स्टुडिओ बंद असताना आम्ही छापायला बसलो. कीकुभाई स्टुलावर. पहिल्या दोन प्लेटांचे तारे खुणांवर कसे बसवायचे ते यमुनाबाईंनी बोलून सांगितलं, बोट लावलं नाही. अकरा वेळा प्लेट बदलायची, अकरा वेळा तारे जुळवायचे. तासभर लागला. मग मी कागद डेव्हलपरमध्ये घातला आणि बशी हलवत राहिलो.

आधी कागद काळवंडला आणि त्यात ताऱ्यांचे पांढरे ठिपके उरले. मग काही नाही. मग दोन ताऱ्यांच्या मधे, जिथे नुसता काळोख वाटत होता, तिथे काहीतरी फिकटल्यासारखं दिसलं, आणि ते फिकट हळूहळू लांबट झालं, आणि मधे उजळ झालं. तांदळाचा दाणा. जसा त्यांच्या फोटोत होता तस्साच, त्याच तिरपेपणाने. मी बशी हलवायची विसरलो.

“हलवा,” यमुनाबाई म्हणाल्या. “डाग पडेल.”

कीकुभाई वाकून बघत होते. त्यांचे डोळे भरून आलेले मी लाल दिव्यात पाहिले. ते म्हणाले, “मास्तर, चाळीस वरस फोटो काढले. आ पहिला असा, की ज्यात आलं ते काढणाऱ्यानं डोळ्यानं बघितलंच नाही.”

मी कागद फोटो पक्का करणाऱ्या हायपोतून काढून पाण्यात सोडला. हात पुसले. “आता लिहून द्या,” यमुनाबाई म्हणाल्या.

मी तिथेच बसून लिहिलं. प्लेटा माझ्या, सह्या माझ्या, काम माझ्या हातचं, आणि फोटोतली आकृती श्रीमती पागधरे यांच्या फोटोतल्या आकृतीशी मिळते. अहवालातली ओळ चुकीची आहे आणि परीक्षक म्हणून मी ती मागे घेतो. मंडळाच्या पुढच्या सभेत ते वाचून दाखवलं. चिटणीस म्हणाले, अहवाल छापून झालाय, आता काय करणार? मुंबईच्या परीक्षकांना पत्र गेलं, उत्तर आलं नाही. मी म्हटलं, निदान त्या ओळीवर दुरुस्तीची एक चिकटपट्टी छापून लावा. त्यावर मतं घेतली गेली आणि प्रस्ताव पडला. मी राजीनामा दिला. त्याने मंडळाचं काही अडलं नाही.

हे सांगायला मी खाली मान घालून गेलो. यमुनाबाई एका नवरदेवाचा चेहरा नीट करत होत्या.

“त्यांनी नाही लावली चिकटपट्टी, तर आपण लावू,” त्या म्हणाल्या.

आठवड्यात स्टुडिओच्या दर्शनी काचेत, लग्नाची जोडपी आणि मुंजीची मुलं यांच्या मधोमध, दोन फोटो लागले. एक त्यांच्या सात प्लेटांचा, एक माझ्या अकरांचा. खाली अठराही प्लेटा ओळीने, मागे पांढरा कागद लावून, ज्याला तपासायच्या त्याने तपासाव्यात म्हणून. आणि स्वच्छ अक्षरात पाटी : ‘मल्याणमधील अंगणातून, वखारीचे चार दिवे चालू असताना. पेन्सिल लावलेली नाही.’ त्याखाली मंडळाच्या अहवालातलं ते पानही त्यांनी डकवलं, माझ्या सहीसकट. मी विचारलं, ते कशाला? म्हणाल्या, “लोकांना दोन्ही वाचू देत.” रोज शाळेत जाताना मला त्या पानासमोरून जावं लागायचं. ते पान तीन वर्षं तिथे होतं.

लोक आले. स्टेशनवरून उतरलेले, बाजाराला आलेले. बारकी नावाची गवत वाहणारी एक बाई डोक्यावरचा भारा खाली ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ही आमच्याकडे पाड्यावर रोज दिसते, हिचा फोटो कशाला काढला? यमुनाबाई बाहेर येऊन तिला म्हणाल्या, “तुमच्याकडे दिसते, आमच्याकडे दिसत नाही म्हणून.” नगीनशेठही एकदा पासपोर्टचा फोटो काढायला आले. पाटी वाचून थोडे अवघडले. पण पाटीत दिव्यांची संख्या बरोबर लिहिली आहे, एवढं त्यांनी कबूल केलं.

मला वाटलं होतं, आता त्या थांबतील. त्यांनी उलट त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका धरली. ती देवयानीहून कितीतरी पुसट, पसरलेली, मोठ्या शहरांजवळचे जाणकारही जिच्या वाटेला जात नाहीत. दोन हिवाळे काही आलं नाही. त्यातच १९६७च्या सुमाराला वखारीचे पिवळे दिवे गेले आणि त्या जागी निळसर पांढरे, पाऱ्याच्या वाफेचे दिवे आले. स्टेशनच्या रस्त्यावरही तेच. आंधळ्या प्लेटांना निळं तेवढं उत्तम दिसतं. पहिल्याच संध्याकाळी प्लेट दोन मिनिटांत काळी. इतक्या वर्षांची युक्ती एका दिवसात संपली.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी प्लेटांची उरलेली खोकी बांधून माळ्यावर टाकली होती आणि ओट्यावर बसून रेल्वेच्या मोडीत निघालेल्या हातबत्तीची लाल काच राखेने घासत होत्या. शांतारामने आणून दिली होती.

“आता उलटं करायचं,” त्या म्हणाल्या. “हा दिवा निळा, हिरवा, थोडा पिवळा. लाल याच्यात नाहीच जवळजवळ. तर लाल बघणारी फिल्म घालायची आणि पुढे लाल काच. त्याचा उजेड बाहेर राहील.”

“दीर्घिकेचाही निम्मा बाहेर राहील.”

“मग दुप्पट काढीन.”

लाल उजेडाला भिंगाचा फोकस बदलतो हे कळायला एक हिवाळा गेला. फिल्म हवेतल्या दमटपणाने वाकते म्हणून ती काचेत दाबायला दुसरा. १९६९च्या कार्तिकात त्यांनी सव्वीस फिल्मा जमवल्या. त्या छापायला दोन रविवार लागले. कीकुभाई तोवर थकले होते, पण स्टुलावर येऊन बसले. शांताराम ड्युटीवरून थेट आले, हातात डबा तसाच.

कागदावर जे उमटलं ते फार थोडं होतं. एक गोल, विरळ धूसरपणा, चहाच्या कपाचा ओला ठसा सुकून गेल्यावर राहतो तेवढा. मला पहिल्यांदा दिसला नाही. कागद तिरका धरून, नजर जरा बाजूला ठेवून पाहिलं तेव्हा दिसला. शांतारामना लगेच दिसला. रात्री लांबचा सिग्नल बघायची सवय असलेले डोळे ते.

तोही फोटो दर्शनी काचेत लागला. दहातल्या आठांना त्यात काहीच दिसेना. लोक विचारायचे, नुसता काळा कागद का लावलाय? शेवटी कीकुभाई म्हणाले, “यमुनाबेन, कडेला पेन्सिलीचा एक हात मारा. जे आहे तेच थोडं ठळक. कुणाला काय कळणार आहे?”

“कुणाला कळणार नाही,” यमुनाबाई म्हणाल्या. “म्हणून तर नाही मारणार. ज्याला दिसत नाही त्याने उद्या परत येऊन बघावं. काच मी रोज पुसते.”

आणि खरोखरच रोज सकाळी स्टुडिओ उघडला की आधी ती काच पुसून मग त्या मेजावर बसायच्या. परत येऊन बघणारे थोडे होते, पण होते. एकदा एक तरुण सलग चार दिवस आला आणि पाचव्या दिवशी आत येऊन त्यांच्यासमोर नुसती होकाराची मान डोलावून गेला. त्या दिवशी त्या फार खुशीत होत्या.